रोमला न गेलेली घंटा

खोक्याचं झाकण निघालं आणि वाजंत्रीवाल्यांचे फुगलेले गाल तसेच फुगलेले राहिले.

सेंट किलियन चर्चच्या बाजूच्या चॅपेलमध्ये दोन गावांची माणसं दाटीवाटीने उभी होती. अर्धी आल्टेनवेर्टची, अर्धी सकाळीच पोलंडहून बसने आलेली, स्तारोगुराची. मधोमध फळ्यांचं मोठं खोकं. त्यात घंटा असायला हवी होती. त्यात वाळूची पोती होती.

पाहुण्यांपैकी एक जण हसला. त्याला वाटलं, ही जर्मन लोकांची काहीतरी थट्टा असावी. मग त्याने यजमानांचे चेहरे पाहिले आणि हसू गिळलं.

"डॉक्टर क्नाउअर," स्तारोगुराच्या महापौर दानुता विल्क शांतपणे म्हणाल्या, "आमची घंटा कुठे आहे?"

राइमुंड क्नाउअर मैत्री मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर ते पदवीचे. जुळी गावं म्हणवून घेणाऱ्या या दोन गावांची मैत्री त्यांनी पंचवीस वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवलेली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चोरी," ते म्हणाले. "चोरी झाली. पोलिसांना बोलवा."

पोलीस निरीक्षक टोमके हार्म्स पुलावरून चालतच आली. एका जागी बसणं तिला जमत नसे, आणि सिगारेट सोडल्यापासून तर मुळीच नाही. ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या चघळत ती दिवसभर चालायची. बदली होऊन आली त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी आल्टेनवेर्टच्या लेखी ती अजून 'ती समुद्रावरची बाई'च होती. गावाच्या तटबंदीच्या आत जन्माला आला नाही तो परका, असा इथला साधा हिशोब.

दानुता विल्क बाहेर पायऱ्यांवर उभ्या होत्या. टोमकेने सुरुवात त्यांच्यापासून केली.

"घंटा तुमची, मग इथल्या मनोऱ्यात कशी?"

"तुम्ही इथल्या दिसत नाही."

"उत्तरेकडची. तिकडे आम्ही प्रोटेस्टंट. इथलं पुष्कळसं मला कळत नाही, तेव्हा सोपं करून सांगा."

"युद्धात हिटलरच्या लोकांनी आमच्या गावची घंटा उतरवून नेली, तोफा ओतायला. गाव तेव्हा जर्मनांचंच होतं, पण त्यांना आपलं-परकं नव्हतं. वितळवायच्या आधी युद्ध संपलं. गाव पोलंडला मिळालं, जर्मनांना हाकललं. त्यांतले पुष्कळ इथे येऊन राहिले. मग घंटाही इथे आली, उसनी म्हणून. उसनी वस्तू परत मागायला आम्हाला उशीर झाला, पण मागितली. सोमवारी इथल्या चौकात ती आमच्या हवाली करायचा समारंभ आहे."

"आणि सोमवारपर्यंत सापडली नाही तर?"

"आमच्या नगरसभेत निम्मे लोक म्हणतात, ही मैत्री म्हणजे सॉसेज खायचे नि फोटो काढायचे. बस बंद करा. मी त्यांना म्हटलं, थांबा, घंटा येतेय. आता रिकाम्या हाताने गेले तर बस बंद होईल. आणि खरं सांगू? मीही ती वाचवायला धडपडणार नाही."

"बस म्हणजे?"

दानुताबाईंनी चर्चच्या भिंतीकडेच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे एक म्हातारा आणि एक म्हातारी बसली होती. म्हातारा रंगवलेलं अंडं सोलत होता आणि सोललेले तुकडे म्हातारीच्या तळहातावर ठेवत होता.

"आलोइझी आणि ओटिली. भाऊबहीण. तो रेल्वेत कामाला होता, म्हणून त्याला आमच्याकडे ठेवून घेतलं. ती लहान होती, तिला आईबरोबर इकडे पाठवलं. मग मध्ये सरहद्द. आमची बस सुरू झाली तेव्हा दोघं पुन्हा भेटली, म्हातारपणाच्या उंबरठ्यावर. आता तिला जवळजवळ दिसत नाही, आणि त्याला एकट्याने गाड्या बदलत येणं शक्य नाही. ईस्टरची ही बस आहे म्हणून ती भेटतात. बस नाही तर काही नाही."

टोमकेला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की तिला राग यायचा. ती तरातरा आत गेली.

चर्चचे सेवक बुर्कहार्ड श्टेंगेल मागच्या खोलीत बेसिनमध्ये तार खुपसून उभे होते. किल्ल्या त्यांच्या ताब्यात, गुडघे मात्र ताब्यात नव्हते.

"घंटा खोक्यात कधी ठेवली?"

"गुरुवारी. संध्याकाळच्या प्रार्थनेत शेवटची वाजली, बाकीच्यांबरोबर. मग घंटा रोमला गेल्या."

"कुठे गेल्या?"

श्टेंगेलनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पाव कशाशी खातात ते विचारलं होतं. "अहो, गुरुवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत घंटा वाजत नाहीत. येशूचं मरण आहे ना. पोरांना सांगतात, घंटा रोमला गेल्या, ईस्टरला परत येतील. बाकीच्या वर गप्प बसल्या, ही तेवढी खाली आली. कंत्राटदाराच्या माणसांनी चॅपेलच्या छतातल्या झडपेतून सोडली, खोक्यात घातली, वर झाकण ठोकलं आणि सुटीला पळाले. त्यांची विजेची कप्पी अजून वरच लटकतेय."

"घंटा दिसायला कशी होती?"

"कशी असणार? कबुतरांनी पिढ्यान्‌पिढ्या लिंपलेली. पांढरी-राखाडी नुसती, घंटा की दगड ते कळू नये. आज दोन्ही गावांनी मिळून ती धुवायची होती, म्हणून तर झाकण उघडलं."

"चॅपेलच्या किल्ल्या कोणाकोणाकडे?"

"एक माझ्याकडे. दुसरी मैत्री मंडळाची, ती त्यांच्या सभागृहात खिळ्याला लटकते. उचलणाऱ्याला उचलता येते."

"चॅपेलला बाहेरचं दार?"

"नाही. चर्चमधूनच जायचं-यायचं. आणि गुरुवारपासून आज दुपारपर्यंत चर्च रिकामं नव्हतंच मुळी. येशूच्या कबरीचा देखावा असतो, त्याच्यापाशी लोक पाळीपाळीने पहाऱ्याला बसतात, रात्रीसुद्धा. घंटा सोडा, मेणबत्ती चोरायची तरी कोणाची छाती व्हायची नाही."

"आणि ही वाळूची पोती?"

"ती आमचीच. नदीला पूर येतो, म्हणून चॅपेलच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली असतात." त्यांनी तार जोरात हलवली. "आणि बाई, चोर सापडला की बेसिन तुंबवणाराही शोधा. कालपासून पाणी हलत नाही. कुणीतरी घाण खरवडून ओतलीय, नुसता पांढरा चुना."

राइमुंड क्नाउअर सभागृहात एकटेच बसले होते. भिंतीवर जुना कृष्णधवल फोटो होता: घंटा इथल्या मनोऱ्यात चढवली त्या दिवसाचा. फोटोत घंटेवरची ओळ स्पष्ट दिसत होती. 'स्वर्गाच्या राणी, आमच्या घरांवर लक्ष असू दे.' ही ओळ गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती, कारण क्नाउअरांचं एकही भाषण तिच्याशिवाय संपत नसे.

"सगळ्या ठाण्यांना कळवायचंय," टोमके म्हणाली. "घंटेचं वर्णन सांगा."

"कमरेएवढी उंच. रंग तांबूस, जुन्या मधासारखा. खालच्या कडेला अंगठ्याएवढा टवका उडालाय."

"आणखी काही खूण?"

"नाही. एवढंच."

"तुमचा कोणावर संशय?"

"मी कोणाचं नाव घेणार नाही."

"घ्या."

क्नाउअरांनी चष्मा पुसला. "घंटा परत द्यायची ठरली तेव्हा सगळं गाव हो म्हणालं. एकटी ओटिली कुप्का उभी राहिली आणि नको म्हणाली. तिचा नातू बेनो नळजोडणीचं काम करतो. शुक्रवारी दुपारी त्याची व्हॅन चर्चच्या मागे उभी होती. अर्थात मी काही म्हणत नाहीये."

"म्हणालात की."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही शुक्रवारी कुठे होता?"

"मनोऱ्यात, खडखडा वाजवायला. घंटा गप्प असतात तेव्हा प्रार्थनेची वेळ तो सांगतो. मोठी लाकडी पेटी आहे, आत हातोडे. तो वाजवण्याचा मान आमच्या घराण्याचा आहे."

"वर जाताना चॅपेलमधून गेलात?"

"जिना तिथूनच आहे. खोकं जागेवर होतं, झाकण बंद." त्यांचा आवाज एकदम कापरा झाला. "निरीक्षकबाई, मी या मैत्रीसाठी जन्म घालवलाय. ही तुटली तर मी कशाला उरलो?"

ते खरं बोलत होते, हे टोमकेला कळलं. त्यामुळेच ती जास्त अस्वस्थ झाली.

ओटिली कुप्का अजून बाकावरच होती. भाऊ शेजारी.

"घंटा देऊ नका असं तुम्ही का म्हणालात?"

"म्हातारीचा हट्ट."

"एवढंच?"

"वर आहे ती वर बरी आहे, एवढंच म्हटलं मी. कशाला उगाच काढघाल?"

"पण घंटा तुमच्याच जन्मगावी चालली होती. तुमच्या भावाच्या गावी."

ओटिलीने तळहातावरचा अंड्याचा तुकडा तोंडात टाकला. आलोइझी मध्ये पडला. "सोडा हो तिला. लहानपणापासून अशीच आहे. आईने नको म्हटलं की हो, नि हो म्हटलं की नको."

"तू गप्प बस आलो, अंडं खा."

टोमकेला हसू आलं, पण वेळ हसायची नव्हती. "शुक्रवारी बेनोची व्हॅन मागे का होती?"

"मला पहाऱ्याला सोडायला आणली होती. पोरगा माझ्या शेजारीच बसला होता. बसला म्हणजे, घोरला."

"कोणी काही जड वस्तू बाहेर नेली?"

"डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. काही नेलं नाही कोणी. उंदीर पळाला असता तरी मला कळलं असतं. फक्त तीन वाजता काही कळलं नसतं."

"का?"

"तो मेला खडखडा! दरवर्षी एक छोटी प्रार्थना म्हणेपर्यंत आटपतो. यंदा माझी अख्खी जपमाळ फिरून झाली तरी चालूच. कान किटले. म्हटलं, क्नाउअरच्या अंगात आलं की काय."

संध्याकाळपर्यंत बेनोच्या व्हॅनची झडती झाली, दुकानाची झाली, तळघराची झाली. जुने नळ आणि एक मोडकी सायकल सापडली. गावाने मात्र निकाल लावून टाकला होता. बेकरीच्या रांगेत बाया बेनोकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पाहुण्यांनी नगरपालिकेचं जेवण नाकारलं आणि बसमध्ये बसून आपलेच डबे खाल्ले. खाली मान घालून परत जाणाऱ्या वाढप्यांना पाहून टोमकेला वाटलं, पंचवीस वर्षांची मैत्री मोडायला एक संध्याकाळ पुरते.

रविवारी सकाळी ती पुलावर येरझाऱ्या घालत होती. प्रत्येक वाटेवर गाड्या तपासून झाल्या होत्या. नदीकाठ पाहून झाला होता. गोळ्यांची पुडी संपली होती. एवढ्यात सेंट किलियनच्या घंटा वाजू लागल्या, ईस्टरच्या, मोकळ्या गळ्याने. पुलावरची माणसं थांबली. एक बाप खांद्यावरच्या पोरीला म्हणाला, "ऐक, रोमहून परत आल्या बघ."

"पण त्या तर वरच होत्या," पोरगी म्हणाली. "मला माहितीये. सगळ्या वरच होत्या."

टोमके जागच्या जागी उभी राहिली. घंटा खाली उतरवली, म्हणून कालपासून सगळे खालीच शोधत होते. तीसुद्धा.

ती धावतच चर्चमध्ये गेली आणि श्टेंगेलना गाठलं.

"वर शेवटचं कोण गेलं होतं?"

"माझे गुडघे पाहता मी तर नाहीच. घंटांचं बटण खालीच आहे."

"आणि तो खडखडा हाताने फिरवतात?"

"कसला हाताने! मोटर बसवलीय त्याला. डॉक्टरसाहेब बटण दाबतात, आणि वर्तमानपत्रवाला आला की फोटोपुरता दांडा धरतात. पण हे कोणाला सांगू नका, त्यांच्या मानाचा प्रश्न आहे."

टोमके जिना चढली. वर कबुतरं फडफडली. खडखड्याच्या पेटीमागे ताडपत्रीखाली काहीतरी कमरेएवढं उभं होतं. तिने ताडपत्री ओढली. मधाच्या रंगाचं स्वच्छ कांस्य. कडेला टवका. तिने अक्षरांवरून बोट फिरवत ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग तिने ताडपत्री होती तशी ओढून ठेवली.

दुपारी सभागृहात कॉफी होती. मेंढराच्या आकाराचा ईस्टरचा केक टेबलावर तसाच पडला होता. कापायचं धाडस कोणी करत नव्हतं. शेवटी यजमान या नात्याने क्नाउअरांनी सुरी उचलली. टोमके दार लावून आत आली आणि उभीच राहिली.

"घंटा सापडली," ती म्हणाली.

एकच गलका झाला. दानुताबाई उठल्या. "कुठे?"

"मनोऱ्यात. ती चर्चबाहेर गेलीच नव्हती. चॅपेलला दुसरं दार नाही आणि चर्चमध्ये माणसं जागत होती. पोतीसुद्धा तिथलीच. म्हणजे ज्याने हे केलं त्याने बाहेरून काही आणलं नाही आणि बाहेर काही नेलं नाही. मग उरली फक्त वरची दिशा. कंत्राटदाराची कप्पी तिथे आयतीच लटकत होती."

"पण आवाज झाला असता," श्टेंगेल म्हणाले. "ती कप्पी रेड्यासारखी डुरकते. आणि शुक्रवारी तर गावात पान हललं तरी ऐकू येतं."

"म्हणून त्याहून मोठा आवाज हवा होता. शुक्रवारी या गावात तसा आवाज एकच असतो. कुप्काबाई म्हणाल्या, तीन वाजता खडखडा थांबेचना. त्याला मोटर आहे. बटण दाबलं की वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे."

सगळ्यांच्या माना क्नाउअरांकडे वळल्या. कोणी पुटपुटलं, "छे, काहीतरीच."

"मलाही तसंच वाटलं," टोमके म्हणाली. "पण डॉक्टर, मी तुम्हाला वर्णन विचारलं. गुरुवारी खाली आली तेव्हा घंटा कबुतरांच्या घाणीने पांढरी होती. तुम्ही मला मधाचा रंग सांगितलात आणि टवकाही सांगितलात. म्हणजे तुम्ही ती धुतलेली पाहिली होती. शुक्रवारपासून श्टेंगेल तुंबलेलं बेसिन खरवडतायत, त्यात तीच घाण आहे. तुम्हीच धुतलीत."

क्नाउअरांची सुरी केकवर तशीच टेकलेली होती.

"आणि एक गोष्ट तुम्ही सांगितलीच नाहीत. चोरीची घंटा ओळखायला तिच्यावरच्या ओळीहून चांगली खूण कोणती? ती ओळ तुम्ही झोपेतही म्हणाल. पोलिसांना मात्र सांगितली नाहीत. का?"

क्नाउअरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"कारण ती तिच्यावर नाही," क्नाउअर म्हणाले.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "शुक्रवारी सकाळी मला राहवलं नाही. पंचवीस वर्षं जी ओळ बोललो, ती सगळ्यांच्या आधी एकदा एकट्याने डोळ्यांनी पाहावी, एवढाच मोह. एक बादली, एक ब्रश घेतला. घाण निघत गेली आणि खालून निघालं 'सेंट वालबुर्गा मठ'. साल आमच्या वडिलांच्या काळातलं. दुसऱ्याच कुठल्या तरी मठाची घंटा. तुमची घंटा आमच्याकडे नाहीच. कधीपासून नाही, तेही मला माहीत नाही."

"मग तुम्ही हे सांगायचं सोडून चोरीचा बनाव केलात?" दानुताबाई म्हणाल्या.

"लुटलेल्या माणसाची लोकांना दया येते, बाई. फसवणाऱ्याची येत नाही. चोरी म्हटलं की तुम्ही चार शिव्या दिल्या असत्या, आणि पुढे केव्हातरी विसरला असता. मैत्री वाचली असती, असं मला वाटलं."

"आणि मी?" मागून बेनो म्हणाला. "शाळेत खोटं बोललो म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत, सर."

क्नाउअरांनी मान खाली घातली. "तुझं नाव घेतलं ते सगळ्यांत वाईट केलं. त्याला क्षमा नाही."

दानुताबाईंनी खुर्चीवरचा कोट उचलला. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "पंचवीस वर्षं आम्ही दुसऱ्याच घंटेखाली टोप्या काढून उभे राहिलो. ड्रायव्हरला सांगा, आजच निघायचं. पुन्हा यायचं नाही."

आलोइझीने टेबलाची कड घट्ट पकडली. पाहुणे उठू लागले, खुर्च्या खरखरल्या.

"बसा खाली, महापौरबाई," ओटिली म्हणाली. "मला माहीत होतं."

खुर्च्यांचा आवाज थांबला.

"ते हाडं गोठवणारं नववर्ष होतं, एका रात्रीत थंडी पडलेली. मध्यरात्री सगळ्या घंटा वाजवल्या आणि आपली तडकली. मी घरात होते, मला ऐकू आलं. काचेचं भांडं उलल्यासारखा आवाज. मग काही आठवडे ती मुकी होती. मग पुन्हा वाजायला लागली, आणि ती ती नव्हती. तेव्हाचे पाद्री नि तेव्हाचा सेवक, दोघांनी गुपचूप बदलली असणार. उसनी वस्तू आपल्या हातून फुटली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दोघंही मेले बिचारे."

"तुम्ही का बोलला नाहीत?" टोमकेने विचारलं.

"कोणाला सांगायचं? तेव्हा मध्ये कुंपण होतं. मग कुंपण गेलं, मैत्री झाली, पहिली बस आली आणि बसमधून हा उतरला." तिने चाचपडत भावाची बाही धरली. "सगळे म्हणायला लागले, घंटेने दोन गावं जोडली. आता मी काय सांगू, की ज्या घंटेपायी येताय ती इथे नाहीच? आणि बस थांबली तर? मूग गिळून बसले. खाली उतरवू नका म्हटलं ते त्याचसाठी." तिचा आवाज फुटला. "माफ कर मला, आलो. दरवर्षी मनोऱ्याखाली तुला उभं करायचे नि म्हणायचे, ऐक, आपली घंटा. तू टोपी काढायचास. दरवर्षी तुला फसवलं मी."

आलोइझीने रुमाल काढला. मग नाक शिंकरून म्हणाला, "ओटी, त्या घंटेचा दोर मी लहानपणी रोज ओढलाय. पहिल्या वर्षी बसमधून उतरलो, ही वाजली, तेव्हाच कळलं मला."

"काय कळलं?"

"की ही आपली नाही."

"मग टोपी कशाला काढायचास, गाढवा?"

"तू शेजारी उभी होतीस," तो म्हणाला. "तुला वाटत होतं ना ती आपली. म्हटलं, वाटू दे."

सभागृहात कोणीतरी हुंदका दिला. दानुताबाई कोट हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी तो पुन्हा खुर्चीवर टाकला आणि बसल्या. टोमकेही बसली, आणि बसल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

"निरीक्षकबाई," दानुताबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "यात गुन्हा कोणता?"

"चोरी नाही. खोटी तक्रार आहे, आणि एका निरपराध माणसावर घेतलेला आळ. पहिल्याचं मी पाहते. दुसऱ्याचं बेनोने ठरवायचं."

बेनोने खांदे उडवले. "बेकरीत येऊन सांगा, सर. सकाळी रांग असते तेव्हा. मोठ्याने."

"सांगीन," क्नाउअर म्हणाले.

"आणि माझं," दानुताबाई म्हणाल्या. "पुढच्या ईस्टरला तुम्ही आमच्याकडे यायचं. आमच्या नगरसभेत उभं राहायचं, आणि आत्ता जे सांगितलंत ते सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ते तुम्हाला सोलून काढतील."

क्नाउअरांनी मान वर केली. डोळे ओले होते. "येईन. कसा येऊ?"

"बसने," दानुताबाई म्हणाल्या. "आलोइझीला पोचवायला बस इकडे येईलच. परत जाताना एक जागा ठेवू तुम्हाला."

कोणीतरी केक कापला. कपबशा वाजू लागल्या, दोन्ही भाषांत कुजबुज सुरू झाली. भाऊबहीण मात्र आपल्याच भांडणात होती.

"खरी कशी वाजायची सांग बरं," ओटिली म्हणत होती.

आलोइझीने घसा साफ केला आणि एक लांब सूर गुणगुणला.

"काहीतरीच. खाली होता."

त्याने खाली आणला.

"एवढा नाही. म्हातारा झालास तू."

त्याने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुन्हा सूर लावला. या वेळी ओटिली बोलली नाही. कपबशांचा आवाज थांबला. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता, आणि त्याचा श्वास संपत आला तेव्हा ती घाईने म्हणाली, "थांबू नकोस."